कॅमेरा बंद ठेवला तरी चालेल

दादासाहेब आले आणि मी उभी राहिले.

समोर मोबाइल होता, तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवलेला. त्यात लहान लहान चौकोन, चौकोनांत दोन्ही शाळांचे शिक्षक. टाळेबंदीतली आमची पहिली ऑनलाइन सभा. कुणीतरी म्हणालं, "दादासाहेब आले," आणि माझे गुडघे आपोआप सरळ झाले. आमच्या शाळेची रीतच तशी. संस्थेचे अध्यक्ष दारात दिसले की वर्ग उभा, शिक्षक उभे, हातातला खडू खाली. ते मोबाइलमधून आले म्हणून काय झालं, असं माझ्या पायांना वाटलं असावं.

मी उभी राहिले आणि चौकोनातून माझा चेहरा गेला. उरलं माझं पोट, घाईत खोचलेल्या निऱ्या, मागे खाट, खाटेवर पडलेले सासरे आणि दोरीवर वाळत टाकलेले कपडे. शिवाय खालच्या मजल्यावरच्या पावरलूमचा खटखटाट.

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. ज्यांचे माईक सुरू होते त्यांचं हसू ऐकू आलं, बाकीच्यांचे नुसते खांदे हलताना दिसले.

दादासाहेब म्हणाले, "अरे, ही आपल्या शिपायाची पोरगी ना? बघा, संस्कार म्हणतात ते हे. बस बेटा, बस."

सभा चालवत होत्या रेवती मॅडम, दादासाहेबांच्या धाकट्या सूनबाई. त्या गोड आवाजात म्हणाल्या, "बाई, तुमच्याकडून फार आवाज येतोय. मी तुम्हाला म्यूट करते. आणि कॅमेरा बंद ठेवला तरी चालेल. बरं दिसत नाही ना ते."

मी कॅमेरा बंद केला. काळ्या चौकोनात माझ्या नावाचं पहिलं अक्षर उरलं. बाकीची मी खाटेच्या कडेला बसून ऐकत राहिले. सासऱ्यांनी विचारलं, "काय झालं वं? कोन हासलं?" मी म्हटलं, काही नाही.

काही नाही कसं? सगळं झालं होतं.

माझे बाबा त्याच शाळेत शिपाई होते. शाळा नदीच्या राजघाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, मराठी माध्यमाची. स्नेहसंमेलन असो की पंधरा ऑगस्ट, दादासाहेबांची खुर्ची त्यांच्या घरून यायची. दुसऱ्या खुर्चीत ते बसत नसत. ती सागवानी खुर्ची बाबा डोक्यावर घेऊन शनवाऱ्यातल्या त्यांच्या घरापासून शाळेपर्यंत चालत आणायचे. दादासाहेब बसले की बाबा मागे उभे. भाषणं संपेपर्यंत उभे, बक्षिसं वाटून होईपर्यंत उभे. मी पोरांमध्ये सतरंजीवर बसलेली असायचे. मला वाटायचं, बाबांना बसायला आवडत नाही.

मी शिकले, बी.एड. केलं, त्याच शाळेत लागले. लागले त्या दिवशी दादासाहेब म्हणाले होते, "शिपायाच्या घरातली शिक्षिका झाली, संस्थेचं नाव झालं." म्हणजे नाव झालं तेही संस्थेचंच. आम्ही कोण, कुठल्या वस्तीतले, हे स्टाफरूममध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. तोंडानं कुणी काढत नसे. नुसती चहाच्या वेळी माझ्या बाजूची खुर्ची रिकामी राहायची, आणि ती का रिकामी आहे हे कुणी कधी विचारत नसे.

संस्थेची दुसरी शाळा शहराबाहेर, मोठ्या रस्त्यावर. इंग्रजी माध्यमाची, पिवळ्या बसवाली. त्या वर्षी संस्थेनं ठरवलं की दोन्ही शाळा एक करायच्या. एक नाव, एक गणवेश, एक स्टाफ. दादासाहेब दर सभेत म्हणायचे, "आता आपण एक कुटुंब." त्या कुटुंबात मराठी विभाग वेगळा राहणार होता आणि त्याला एक प्रमुख नेमायची होती. मराठी शाळेत इतकी वर्षं शिकवणारी, प्रत्येक पोराच्या घरी जाऊन आलेली मीच होते. ते पद मला हवं होतं. ही गोष्ट मी मनात ठेवली होती, कारण आमच्यात मागायची सवय नाही. वाट बघायची सवय आहे.

आणि समोर रेवती मॅडम होत्या.

मला जळायला व्हायचं. सरळच सांगते. अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्यांच्या चौकोनात मागे पुस्तकांचं कपाट, वर एक दिवा, चेहऱ्यावर सारखा उजेड. कानात पांढरे इयरफोन. बंद दार दिसायचं. मी त्या दाराकडे बघायची. आख्ख्या जन्मात मला बंद करायला दार मिळालं नव्हतं. माहेरी एकच खोली, सासरी एक खोली आणि एक जिना. त्यांच्या खोलीत दार उघडायचं, एक हात यायचा, हिरव्या बांगड्यांचा, चहाचा कप ठेवायचा आणि जायचा. त्या हाताचा चेहरा मला कधी दिसला नाही. कपाचा आवाजसुद्धा यायचा नाही. माझ्या घरात मीच तो हात होते. सभा चालू असताना सासऱ्यांना पाणी देणारी, दूध उतू जातंय म्हणून मोबाइल टाकून पळणारी.

त्यांच्या केसांचाही मला राग यायचा. सकाळच्या सभेला त्यांचे केस वाळलेले असायचे.

पण खरं पोटात दुखायचं ते दुसऱ्याच गोष्टीनं. त्या सभा फार छान चालवायच्या. वेळेवर सुरू करायच्या. आज काय बोलायचं आहे ते आधी सांगायच्या. कुणी भरकटलं की हसून म्हणायच्या, "हा मुद्दा आपण शेवटी घेऊ," आणि तो माणूस गप्प व्हायचा, रागवायचा नाही. त्यांनी "पुढचा विषय" म्हटलं की सगळे चेहरे त्यांच्याकडे वळायचे. त्यांच्या एका शब्दासाठी माणसं थांबायची. ते थांबणं मला हवं होतं. रात्री भाकऱ्या थापताना मी मनातल्या मनात म्हणून बघायची, "पुढचा विषय." परातीतलं पीठ काही वळून बघायचं नाही.

इंग्रजी शाळेच्या शिक्षकांना त्या नावानं बोलावायच्या. "हां, बोला, तुमचं काय मत?" आमची पाळी आली की म्हणायच्या, "मराठी विभागाचं कुणी आहे का?"

आम्ही असायचो. काळ्या चौकोनांत, म्यूट.

आवाजाचं एक सांगायला हवं. आमच्या गल्लीत घराघरात लूम आहेत. आमच्या खाली घरमालकाचे लूम, त्यावर माझा नवरा काम करतो. वीज असेपर्यंत लूम चालतात. वीज गेली की गल्ली एकदम शांत होते, इतकी की कुणाच्या घरात पोर रडतंय तेही कळतं. मोबाइलला बॅटरी असते, रेंज असते. म्हणजे माझा आवाज लोकांना नीट ऐकू जायचा तो वीज गेली की. आणि वीज गेली की नवऱ्याचं काम बंद, त्या दिवसाची मजुरी बुडाली. सभेच्या दिवशी मी देवापुढे हात जोडायची तेव्हा काय मागते आहे ते माझं मलाच धड सांगता यायचं नाही.

एकदा मला सभेत सहामाही अभ्यासाबद्दल बोलायचं होतं. मी खाली जाऊन मालकाला म्हटलं, भाऊ, अर्धा तास लूम थांबवता का? तो हसला, म्हणाला, "बाई, तुमच्या मीटिंगीसाठी कापडाचं थान थांबवू का आता?" नवरा मान खाली घालून धागा जोडत राहिला. मी वर आले. माझी पाळी आली तेव्हा मी माईक सुरू केला, "नमस्कार" म्हटलं, आणि रेवती मॅडमनी मला म्यूट केलं. म्हणाल्या, "बाई, तुम्ही चॅटमध्ये लिहा ना." मी लिहिलं. ते कुणी वाचलं नाही. पुढचा विषय सुरू झाला होता.

त्या रात्री मी ठरवलं की हे शिकायचं. मन मोठं करून वगैरे नाही. जळून. तिला येतं ते मला यायलाच पाहिजे, एवढं एकच डोक्यात होतं.

मोबाइल दोन, माझा आणि नवऱ्याचा. मी माझ्या मोबाइलवरून सभा सुरू केली आणि त्याच्या मोबाइलवरून स्वतःच तिच्यात गेले. दोन्ही मोबाइल शेजारी ठेवले तसा असा कर्कश आवाज निघाला की सासरे उठून बसले. मग एक मोबाइल देऊन नवऱ्याला गच्चीवर पाठवलं. तो वरून ओरडायला लागला, "हॅलो, हॅलो, ऐकू येऊन राहिलं का?"

"अहो, मोबाइलमध्ये बोला. तुमचा आवाज जिन्यातून येऊन राहिला."

"तू सोताशीच मीटिंग करून राहिली, लोक काय म्हनतीन?"

"लोक झोपलेत. हात वर करा. तो नाही हो, तुमचा नाही, मोबाइलमधला हात."

तो अंधारात खरोखरचा हात वर करून उभा होता. त्या काळात आम्ही दोघं इतकं हसलो असू ते तेवढंच.

कोण आत येऊ शकतं, कोणाला बाहेर थांबवता येतं, म्यूट कोण करू शकतं, दुसऱ्याच्या हातात सभा कशी द्यायची, हे सगळं मी अशी घरातच शिकले. मग वर्गातल्या पोरांच्या आयांना घेतलं. एकेकीला आधी साधा फोन लावायचा. नदीपलीकडच्या जैनाबादची कमल, तिचा मुलगा माझ्या वर्गात. ती म्हणाली, "बाई, लिंक खुलून नई राहिली."

"निळ्या अक्षरावर बोट ठेव. दाबून नको धरू, नुसतं लाव."

"लावलं. आता काय तं लाल लाल दिसून राहिलं."

"ते लाल नको दाबू. त्यानं बाहेर जाशील."

"दाबलं बाई."

परत पहिल्यापासून. जसोंडी गावचा एक बाप केळीच्या बागेत असायचा, तिथं रेंज नाही, तो सभेपुरता बांधावर येऊन उभा राहायचा. कुणी चुलीजवळ, कुणी नदीवर कपडे धुता धुता. एकदा लिंक पाठ झाल्यावर मी ती बदलली नाही. दर वेळी तीच लिंक, तीच वेळ, संध्याकाळी लूमची पाळी बदलते तेव्हा. नवीन लिंक आली की माणसं घाबरतात, चुकीचं काही दाबलं तर मोबाइल बिघडेल असं त्यांना वाटतं.

मला म्यूट केलेलं मी विसरले नव्हते. म्हणून मी कुणाला म्यूट केलं नाही. परिणाम काय, पहिल्या सभेत बाजार भरला. बकरी, कुकर, पोरं, टीव्ही, सगळे एकदम बोलतात. मग मी एक पद्धत लावली. आपलं बोलून झालं की म्हणायचं, "झालं," आणि पुढं कुणी बोलायचं त्याचं नाव आपणच घ्यायचं. ज्याचं नाव घेतलं तो बोलणार, बाकीचे ऐकणार. मागे बकरी ओरडली तर ओरडू दे. हे जमायला लागलं. कमल बोलायची, "माह्या पोराले भागाकार नई येत. झालं. आता जसोंडीवाले भाऊ बोला." आणि बांधावरचा तो माणूस घसा साफ करून बोलायला लागायचा. कुणाच्याही सभेत त्याचं नाव आधी कुणी घेतलं नसेल.

एकमेकांचं नाव घेता घेता ती माणसं एकमेकांची झाली. ज्या पोराकडे मोबाइल नव्हता त्याला शेजारच्या घरात बसवायला लागली. मला बरं वाटायला लागलं होतं. पण जळणं कमी झालं नव्हतं, कारण स्टाफच्या सभेत मी अजून काळा चौकोनच होते.

रेवती मॅडमच्या कानावर हे गेलं. त्यांचा फोन आला. "बाई, मी एकदा बघायला येऊ का तुमच्या सभेत? शिकायला मिळेल."

शिकायला मिळेल. त्या असं म्हणाल्या आणि माझा सगळा राग वितळला. मी दोन दिवस त्या वाक्यावर जगले. त्या आल्या, पुस्तकांच्या कपाटासह आल्या. सगळ्या आया एकदम "नमस्ते मॅडम" म्हणाल्या. बांधावरच्या माणसानं डोक्यावरची टोपी नीट केली. मॅडम सुंदर हसल्या, दोन वाक्यं बोलल्या, आणि बघता बघता ती सभा माझी आहे की त्यांची ते मलाच कळेना. त्यांना काही करावं लागलं नाही. नुसतं बसावं लागलं.

पुढच्या स्टाफच्या सभेत त्यांनी पडद्यावर एक फोटो दाखवला. माझी सभा. माझ्या आया. वर ठळक अक्षरात "पालकसंवाद उपक्रम." त्या म्हणाल्या, "आम्ही हा प्रयोग सुरू केला आणि प्रतिसाद फार चांगला आहे." दादासाहेब म्हणाले, "वा, याला म्हणतात नेतृत्व." फोटोत माझा चौकोन कोपऱ्यात होता, अर्धा कापलेला. मॅडम पुढे म्हणाल्या, "तांत्रिक सहकार्य आपल्या मराठी विभागाच्या बाईंचं आहे." टाळ्यांची पिवळी चित्रं सरसर वर आली.

मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ दे. मोठ्या घरची हाये. नोकरी सांभाळ." त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण मला रात्रभर झोप आली नाही. त्यांच्याकडे खोली होती, दार होतं, दिवा होता, नाव होतं. माझ्याकडे एक सभा होती आणि आता तीही त्यांना हवी होती.

मग मोठ्या पालकसभेचं ठरलं. दादासाहेब स्वतः येणार होते आणि मराठी विभागाची प्रमुख कोण ते तिथंच जाहीर करणार होते. मॅडमचा फोन आला. "बाई, मी नवीन लिंक पाठवली तर पालक येत नाहीत हो. तुमच्याच लिंकवर घेऊ या. तुम्ही फक्त सगळ्यांना आत घ्या. बाकी मी बघते. तुमचा कॅमेरा नसला तरी काही नाही."

"प्रमुख कोण होणार?" मी विचारलं. असं मी पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

त्या म्हणाल्या, "दादासाहेब ठरवतील ना. ते सगळ्यांचा विचार करतात."

मला उत्तर मिळालं.

सभेच्या दिवशी मी लूम थांबवा म्हणून खाली गेले नाही. वीज जाऊ दे म्हणून देवाकडेही गेले नाही. सासऱ्यांना चहा दिला, डब्याला मोबाइल टेकवला आणि एकेकाला आत घेत गेले. लिंक माझी, म्हणून सभेची मालकीण त्या अ‍ॅपच्या हिशेबानं मी. सगळ्यांच्या नावापुढची बटणं माझ्या मोबाइलवर. कॅमेरा बंद. पडद्यावर रेवती मॅडम आणि दादासाहेब आणि माझ्या सगळ्या आया, बाप, आजोबा.

दादासाहेब आले तेव्हा मी बसूनच होते. कुणाला दिसलं नाही, पण मला माहीत होतं.

मॅडमनी स्वागत केलं. एक कुटुंब, एक शाळा, हे सगळं झालं. मध्येच कमल बोलली. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

"आमच्या बाई कुठं हायेत? दिसून नई राहिल्या."

मॅडम म्हणाल्या, "त्या आहेत ना, तांत्रिक बाजू सांभाळताहेत. आपण शेवटी प्रश्न घेऊ."

"नई, पन त्याहीले दाखवा ना मॅडम. आम्ही त्याइच्या सभेले आलो."

दादासाहेबांच्या कपाळाला आठी पडली. "मुद्द्यावर या," ते म्हणाले. "मराठी विभागाची जबाबदारी मी आमच्या रेवतीकडे—"

माझं बोट दादासाहेबांच्या नावापुढच्या माईकवर होतं. खोटं का सांगू, मी ते तिथं नेलं होतं. नुसतं लावलं असतं की त्यांचा आवाज बंद. ओठ हलले असते, शब्द नाही. त्यांना कळलंही नसतं. मी लावलं नाही. मोठ्या मनानं सोडलं असं कुणी समजू नये. ते काय बोलतात ते सगळ्यांनी ऐकावं असं मला वाटलं.

मी कॅमेरा सुरू केला. माईक सुरू केला. लूमचा खटखटाट सगळ्या घरांत गेला.

मी म्हटलं, "मी इथं आहे. ही सभा मी सुरू केली. मराठी विभागाचं प्रमुखपद मला पाहिजे. सगळ्यांसमोर मागते."

मॅडमचा चेहरा उजेडातच होता, पण त्या कुठं बघावं ते विसरल्या होत्या.

दादासाहेब म्हणाले, "बाई, कॅमेरा बंद करा."

"नाही करणार."

"मागचा आवाज किती येतोय. काही पद्धत असते सभेची."

"येणार आवाज. घर आहे माझं."

"तुझा बाप आज असता ना," ते म्हणाले, आणि आता बाई गेलं, तुम्ही गेलं, "तर त्यानंच तुला गप्प बसवलं असतं."

माझ्या मागे खाटेवर सासरे कण्हत उठत होते. मी मागे वळले नाही.

"बसवलं असतं," मी म्हटलं. "तुमच्या खुर्चीमागे आयुष्यभर उभे राहिले ते. गप्पच बसवलं असतं. म्हणून मी आत्ता बोलते आहे."

"रेवती, मीटिंग संपव."

मॅडम पडद्यावर बोट फिरवू लागल्या. मला त्यांचं बोट दिसत नव्हतं, डोळे दिसत होते, इकडून तिकडे जाणारे. हळू आवाजात म्हणाल्या, "बाबा, माझ्याकडे ते बटणच नाहीये."

कुणी हसलं नाही. दादासाहेब निघून गेले. त्यांचा चौकोन गेला आणि बाकीचे चौकोन जरा मोठे झाले. "माफ करा, नेटवर्क..." असं काहीतरी म्हणत मॅडमही गेल्या. मग कमल म्हणाली, "झालं बाई तुमचं? मंग जसोंडीवाल्या भाऊचं नाव घ्या. त्याहीले बोलाचं हाये." त्यानं बांधावरून भागाकाराबद्दल विचारलं. मी सांगितलं.

पद मला मिळालं नाही. दुसऱ्याच दिवशी स्टाफच्या ग्रुपवर रेवती मॅडमचं नाव आलं, खाली सगळ्यांची अभिनंदनं. माझ्याकडून मोठे वर्ग काढून पहिलीचा वर्ग दिला. पुढे शाळा उघडल्यावर स्टाफरूममधली माझ्या बाजूची खुर्ची रिकामी होतीच, समोरचीही झाली. नवरा आठवडाभर माझ्याशी नीट बोलला नाही. मालकानं त्याला विचारलं होतं, "तुझ्या बायकोनं अध्यक्षाला काय काय ऐकवलं म्हनतात?" हे सगळं झालं. त्याची किंमत माझ्या घरानंही मोजली.

शाळा उघडल्या तरी पालकसभा ऑनलाइनच राहिल्या, खेड्यातल्या लोकांना ते सोयीचं. मॅडमनी नव्या लिंकवर सभा घेतल्या. कपाट होतं, दिवा होता, वेळ पाळलेली होती. आया आल्या नाहीत. कमल मला म्हणाली, "तिथं आमचं नाव कोनी घेत नई." मला आनंद झाला. झाला तर झाला.

मग एका दुपारी मॅडमचा फोन आला. आवाजात नेहमीचा गोडवा, पण थकलेला. "बाई, तुम्हीच घ्या ना पालकसभा. मी मध्ये येणार नाही. सगळं तुमच्या हातात. फक्त अहवालात माझं नाव राहील, पद माझ्याकडे आहे म्हणून. आणि दादासाहेबांना आत्ताच सांगायला नको. तुम्हाला काम करायला मिळेल, मुलांचंही भलं होईल."

मला माहीत आहे, त्या वाईट मनानं म्हणत नव्हत्या. त्यांना ते खरंच चांगलं वाटत होतं. आणि क्षणभर मलाही हो म्हणावंसं वाटलं. पोरांचं भलं म्हटलं की आमची जीभ लुळी पडते. माझ्या बाबांनाही असंच म्हणायचे, तुमच्याशिवाय शाळा चालायची नाही. चालवायची बाबांनी, आणि खुर्चीत बसायचं दुसऱ्यानं.

मी म्हटलं, "मॅडम, मला तुमचा फार हेवा वाटतो. तुमच्या खोलीचा वाटतो, तुमच्या दाराचा वाटतो. ते सगळं तुमच्याकडे राहू द्या. पद माझं आहे. ते माझ्या नावानं, सगळ्यांच्या देखत द्या. लपून मी तुमचं काम करणार नाही."

"असं कसं बोलता बाई? मी तर तुमच्या भल्याचं..."

"झालं," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

पोरांना मी शिकवते, पहिलीच्या पोरांना अक्षरं गिरवायला लावते, त्यात कसूर नाही. जुन्या वर्गातल्या पोरांच्या आया अजूनही संध्याकाळी माझ्या लिंकवर येतात. ती सभा शाळेची नाही, आमची आहे. तिचा फोटो काढून कुणाला दाखवायला मिळणार नाही. मला अजून जळायला होतं. मी ते विझवायला बघत नाही. विझलं तर मी पुन्हा वाट बघत बसेन.

दर महिन्याला दोन्ही शाळांच्या स्टाफची सभा असते, तीही अजून ऑनलाइनच. सगळे विषय संपले की विचारतात, कुणाला काही बोलायचं आहे का. मी माईक सुरू करते आणि म्हणते, मराठी विभागाचं प्रमुखपद मला पाहिजे. मला म्यूट करतात. पुढच्या महिन्यात मी पुन्हा म्हणते. नोकरीवरून काढलं तर शाळेच्या फाटकात येऊन म्हणेन. एक दिवस त्यांना ते पद मला द्यावं लागेल, आणि त्या दिवशी मी कुणाचे आभार मानणार नाही.